आधी शेजाऱ्याला सांगा

सोलापूर जिल्ह्यातल्या पोरांना ऋण संख्या शिकवायला गुरुजींना थर्मामीटर काढावा लागत नाही. उजनी आहे. धरणात पाणी दिसत असताना ते शून्याच्या खाली कसं जातं, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला पडतो; कुर्डुवाडीच्या एसटी स्टँडवरचा कुठलाही रिकामा माणूस तो चहा संपायच्या आत सोडवून देतो. धरण 117 टीएमसीचं. त्यातलं तळाचं साडेत्रेसष्ट टीएमसी 'मृत', वरचं साडेत्रेपन्न 'जिवंत'. टक्के मोजायचे ते फक्त जिवंताचे. जिवंत संपलं की शून्य, आणि पुढं मृतातलं उपसायला घेतलं की मायनस. मेलेल्या माणसाच्या नावावर रेशन उचलण्याचा प्रकार आपल्याकडं नवा नाही; उजनीत त्याचा फक्त रोजच्या रोज तक्ता निघतो.

2023 च्या पावसाळ्यात उजनी जेमतेम साठ टक्के भरली. जानेवारी 2024 मध्ये ती शून्यावर आली आणि जूनपर्यंत मायनस साठच्या घरात गेली. अधिक साठ ते उणे साठ, वर्षाच्या आत. त्या उन्हाळ्यात माढा तालुक्यात माणसं भेटली की 'काय, बरं हाय का' याच्या जागी 'मायनस किती?' असं विचारत होती. ऑगस्टमध्ये वर पुण्याकडं पाऊस कोसळला आणि धरण शंभरी गाठून मोकळं झालं. पुढच्या वर्षी, सप्टेंबर 2025 मध्ये, उजनीचा विषय बाजूलाच राहिला आणि सीना उठली. माढा, करमाळा, मोहोळ तालुक्यांतली सीनाकाठची गावं पाण्यात गेली. ज्या तालुक्यात पंधरा महिन्यांपूर्वी टँकरची वाट बघत होते, त्याच तालुक्यात बोटींची वाट बघायची वेळ आली.

हवामान बदलतंय हे अशा मुलखाला पटवून द्यायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. तरी येतात. एप्रिलात, त्रेचाळीस अंशांत, पत्र्याच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावतात आणि वितळत्या बर्फावर उभं राहिलेलं पांढरं अस्वल दाखवतात. मागच्या खुर्च्यांवरची मंडळी त्या पडद्याकडं फार ओढीनं बघतात. ती ओढ अस्वलासाठी नसते, बर्फासाठी असते.

प्रबोधन करणाऱ्यांचा एक पक्का समज असतो: माणूस चुकीचं वागतो कारण त्याला माहीत नसतं. माहिती दिली की तो सुधारतो. कुर्डुवाडीत हा समज टिकणं फार अवघड जातं. राज्यातल्या लागवडीच्या चारेक टक्के क्षेत्रावर ऊस आहे आणि सिंचनाचं सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी तो एकटा पितो, हा हिशेब इथल्या शेतकऱ्याला पाठ आहे. तो स्वतः तो हिशेब सांगतो. उसाच्या बांधावर उभा राहून सांगतो. आणि 'मग लावता कशाला?' असं विचारलं तर तितक्याच शांतपणे म्हणतो, 'मी एकट्यानं नाय लावला म्हणून उजनी भरंल का?'

या एका वाक्यावर जगातल्या विद्यापीठांनी खंड लिहिले आहेत. उत्तर अजून कुणाकडं नाही.

सरकारकडं मात्र शपथ आहे. 2 ऑक्टोबर 2020 ला राज्यात 'माझी वसुंधरा' अभियान सुरू झालं. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांना धरून नगरपालिका-ग्रामपंचायतींनी कामं करायची, त्यांना गुण मिळायचे, वर्षाअखेर बक्षिसं. कल्पना वाईट नव्हती. गुण आणि बक्षीस म्हटल्यावर नगरपालिका हलतात, हे त्यात बरोबर ओळखलं होतं. नागरिकांसाठी मात्र ई-शपथ ठेवली. मोबाइलवर नाव टाकायचं, वसुंधरेचं रक्षण करीन असं कबूल करायचं, की नावानिशी प्रमाणपत्र. प्रमाणपत्र आलं की ते स्टेटसला लागतं. स्टेटस चोवीस तासांनी जातं. शपथही साधारण त्याच सुमारास जाते.

केंद्राचंही एक आहे. पंतप्रधानांनी 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत ज्याची घोषणा केली ते 'मिशन लाइफ' 20 ऑक्टोबर 2022 ला गुजरातेत एकतानगरला सुरू झालं, आणि त्यासोबत सामान्य माणसानं करायच्या 75 गोष्टींची यादी आली. ही यादी कुर्डुवाडीत बसून वाचण्यासारखी आहे. लिफ्टऐवजी जिना वापरा, असं त्यात म्हटलंय. ज्या गावात बहुतेक घरांचा दुसरा मजला म्हणजे पाण्याची टाकी, तिथं हा नियम शंभर टक्के पाळला जातो. एकट्यानं गाडी न नेता मिळून जा. वडापच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चौघं बसतात आणि ड्रायव्हर निम्मा बाहेर असतो. यापेक्षा अधिक मिळून कसं जाणार? सार्वजनिक वाहनानं प्रवास करा. मुंबई-सोलापूर मार्गावरचं जंक्शन, लातूर आणि मिरजेकडं जाणारे फाटे, हुतात्मा, इंद्रायणी, सिद्धेश्वर, आणि फेब्रुवारी 2023 पासून वंदे भारतसुद्धा थांबते; इथला माणूस पुण्याला जायला रेल्वेशिवाय दुसरा विचार करतो तो गाडी चुकल्यावरच. विजेवरच्या रेल्वेच्या जनरल डब्यात, एका पायावर उभा राहून पुण्याला जाणारा प्रवासी दरमाणशी जेवढा कार्बन सोडतो तेवढ्यात ग्लासगोच्या परिषदेला आलेल्या एखाद्या प्रतिनिधीचं विमान धावपट्टीवरून हललंही नसेल. पण त्या प्रवाशाला प्रमाणपत्र कुणी देत नाही. टीसी मात्र तिकीट विचारतो.

आहारात भरडधान्यं घ्या, हेही यादीत आहे. 2023 तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. मालदांडी ज्वारीचं 35-1 हे वाण शेजारच्या मोहोळच्या केंद्रावर निवड करून काढलेलं. रब्बीत, ओलीवर, वरून पाणी न मागता येणारी ज्वारी हीच या मुलखाची खरी सिंचन योजना होती. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा हे जेवण गेल्या शतकभरात कुणीही कुठल्याही अभियानाविना जेवत होतं. मग धरण आलं, कालवा आला, ऊस आला, उसाचे पैसे आले आणि पैशांबरोबर रोजच्या जेवणात चपाती आली. ज्वारीची भाकरी ही गरिबी होती. आता ती हॉटेलात साठ रुपये जादा देऊन मिळते आणि तिच्यावर तूप सोडतात. ज्या आजीनं आयुष्यभर भाकऱ्या थापल्या तिला नातवानं इंटरनॅशनल इयरचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली असणार, 'आन् आमी काय खात हुतो?'

यादीतली एक गोष्ट मात्र गावागावांत सपशेल नापास आहे. रेल्वेच्या फाटकावर आणि लाल सिग्नलला गाडीचं इंजिन बंद करा. ही विनंती नवी नाही, पेट्रोल वाचवा म्हणून कित्येक वर्षांपासून भिंतींवर रंगवलेली आहे. फाटक पडतं. इंजिनं चालू राहतात. उलट, मालगाडीचे डबे संपत आले की ॲक्सिलरेटर पिळायला सुरुवात होते, जणू काही आपल्या आवाजानं गाडी पुढं ढकलली जाणार आहे. एखादा शिकलेला तरुण बटण दाबून इंजिन बंद करतो. मागचा लगेच विचारतो, 'काय झालं ओ, बंद पडली का?' तो तरुण लाजतो आणि परत सुरू करतो. इथं कायदा नाही, दंड नाही, पैशाचा तोटा तर नाहीच, उलट फायदा आहे. तरी चारचौघांत वेगळं दिसणं परवडत नाही. सगळ्या वर्तनबदलाचं मर्म या फाटकावर उभं असतं, पण तिथं अभ्यासक थांबत नाहीत. ते उड्डाणपुलावरून जातात.

वृक्षारोपणाचं सांगायलाच हवं. 1 जुलै 2016 ला राज्यानं एका दिवसात दोन कोटी झाडं लावली. पुढच्या वर्षी चार कोटी, मग तेरा कोटी, 2019 मध्ये तेहतीस कोटी. बेरीज पन्नास कोटींच्या वर जाते. एवढी सगळी जगली असती तर सोलापूर जिल्ह्यात उन्हाळा औषधालाही सापडला नसता. झाड लावणं वाईट कोण म्हणेल, पण तो सोहळा कसा होतो ते जवळून बघावं. आदल्या दिवशी जेसीबीनं खड्डे. त्यातला मधला खड्डा मोठा, कारण तो साहेबांचा. बाजूला फ्लेक्स, 'झाडे लावा, झाडे जगवा', दहा बाय वीस फूट, निखळ प्लास्टिक. साहेब उशिरा येतात. आठ-दहा हात एकदम एका रोपाला लागतात. त्यात एक हात नुसता घड्याळाचा असतो. रोप काळ्या पिशवीसकट खड्ड्यात जातं, मग कुणीतरी कुजबुजतं, ते बाहेर निघतं, पिशवी फाडली जाते आणि ती तिथंच पडते. फोटो. 'साहेब, जरा इकडं बघा.' पुन्हा फोटो. झारीनं घातलेलं पाणी मुळांपेक्षा बुटांवर जास्त पडतं. साहेबांचा सत्कार रोप देऊन होतो, कारण बुके हा पर्यावरणाला घातक. ते सत्काराचं रोप गाडीच्या डिकीत जातं आणि पुढच्या कार्यक्रमात दुसऱ्याच्या सत्काराला बाहेर येतं. जिल्ह्यात सर्वांत जास्त प्रवास केलेलं झाड हेच असावं. आणि पुढच्या जुलैत खड्डे खणण्याचा खर्च वाचतो, कारण गेल्या वर्षीचे तयार असतात.

प्लास्टिकबंदीची गोष्ट छोटी आहे. 23 जून 2018 पासून अंमलबजावणी, पहिल्यांदा सापडलात तर पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तुरुंग. त्या आठवड्यात बाजारात लग्नातल्या, दुकानांच्या नावांच्या, कुठल्या कुठल्या कापडी पिशव्या घडी मोडून बाहेर आल्या. पंधरा दिवसांनी पथक थकलं. भाजीवालीनं पिशव्यांचा गठ्ठा पोत्याखाली ठेवला आणि गिऱ्हाईक दहा रुपयांची कोथिंबीर हातात घेऊन उभं राहिलं, 'पिशवी द्या की मावशी.' दंड पाच हजार आणि कोथिंबीर दहाची. एवढी मोठी शिक्षा कुणाच्याच डोळ्यांपुढं येत नाही.

मग काहीच बदलत नाही का? बदलतं. फार जवळ बदललंय, पस्तीसेक किलोमीटरवर.

बार्शी तालुक्यातल्या सुर्डी गावानं 2019 मध्ये पानी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेतला वॉटर कप जिंकला. राज्यात पहिलं, पंचाहत्तर लाखांचं बक्षीस. 8 एप्रिल ते 22 मे, पंचेचाळीस दिवस, म्हणजे ज्या दिवसांत सोलापूर जिल्ह्यात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, त्या दिवसांत माणसं डोंगरावर सलग समतल चर खणत होती. मजुरी शून्य. जो माणूस घरातला माठ भरायला सांगितलं तर 'बघू' म्हणतो, तोच उठून टिकाव घेऊन जात होता. कुणी त्याला तापमानवाढीवर भाषण दिलं नव्हतं. पाचेक गावकऱ्यांना प्रशिक्षण दिलं, चराची लांबी-खोली मोजायला शिकवलं, गुणांचा तक्ता दिला आणि सांगितलं की शेजारचं गावही उतरलंय.

शेजारचं गाव. सगळी किल्ली तिथं आहे. 2016 मध्ये स्पर्धा तीन तालुक्यांत सुरू झाली, दुसऱ्या वर्षी तीस, मग पंचाहत्तर, मग शहात्तर. 'जलसंधारण करा' असं सरकार 1972 च्या दुष्काळापासून सांगतंय. 'जलसंधारणात तुम्ही शेजाऱ्यांच्या मागं आहात' असं मात्र पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. पोरी मुंबईहून सुट्टीला आल्या की आधी डोंगरावर, मग माहेरी. नवरदेव हळदीच्या अंगानं श्रमदानाला. रात्री पारावर पत्त्यांऐवजी घनमीटरची चर्चा. अमुक गावाचं किती झालं, कोण पुढं गेलं, जेसीबी कुणी लावला आणि लपवला कुणी.

कुर्डुवाडीला बार्शीच्या यशाचं फार कौतुक वाटावं अशी अपेक्षा करू नये. त्याचं कारण ऐतिहासिक आहे. 1897 मध्ये इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली तेव्हा या स्टेशनचं नाव होतं 'बार्सी रोड'. गाव इथलं, रूळ इथले, आणि पाटीवर नाव दुसऱ्याच्या गावाचं. एवढं झाल्यावर कुर्डुवाडीनं बार्शीच्या बरोबरीनं चर खणायला घेतले तर नवल नाही. नवल हे, की हा जुना अपमान अजून एकाही अभियानानं कामाला लावला नाही.

मान-अपमानावर चालणारे प्रयोग महाराष्ट्रात आधीही झाले. 2000-01 मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघालं तेही स्पर्धेचंच होतं. त्या काळात पुढं 'गुड मॉर्निंग पथकं' आली. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला झुडपाआडून शिट्टी ऐकू यायची आणि समोर ग्रामसेवक गुलाबाचं फूल घेऊन उभे. 'गुड मॉर्निंग.' त्या फुलाचं आणि त्या टमरेलाचं एका हातात काय करायचं, याचा विचार योजना आखणाऱ्यांनी केला नसावा. संडास बांधले गेले, हे खरं. पण बायामाणसांच्या मागं पहाटे शिट्ट्या फुंकणं हा शुद्ध असभ्यपणा होता आणि त्याचं कौतुक करायचं कारण नाही. ज्यांच्या नावानं अभियान होतं त्या गाडगेबाबांची रीत उलटी होती. गावात आले की कुणाला काही न सांगता खराटा घ्यायचे आणि झाडायला लागायचे. रस्ता झाडणारा म्हातारा बघून पाटलाला ओसरीवर बसवेना, मग तोही उठायचा. कीर्तन रात्री, काम झाल्यावर. आणि कीर्तनातही सांगणं कमी, विचारणं जास्त. उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे.

दुसऱ्याकडं बघून माणूस बदलतो का, हे कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात मानसशास्त्रज्ञांनी वेगळ्या तऱ्हेनं तपासलं. घरोघरी दारांना वीज वाचवण्याच्या चिठ्ठ्या अडकवल्या. एका गटाला लिहिलं, पृथ्वीसाठी वाचवा. दुसऱ्याला, पुढच्या पिढीसाठी. तिसऱ्याला, तुमचे पैसे वाचतील. चौथ्याला फक्त एवढंच, की तुमचे बहुतेक शेजारी वाचवताहेत. मीटर बघितले तर चौथा गट सगळ्यांच्या पुढं. गंमत अशी की लोकांना आधी विचारलं होतं तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, 'शेजाऱ्याचा आणि आमचा काय संबंध?' 2008 मध्ये हा अभ्यास छापून आला. त्याच्या आदल्या वर्षी त्याच गावातला आणखी एक प्रयोग छापला गेला होता. सुमारे तीनशे घरांना त्यांचा वापर आणि शेजाऱ्यांची सरासरी कळवली. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, हे ठीक. पण कमी वापरणाऱ्यांनी वाढवला! आपणच तेवढे मूर्ख कशाला, म्हणून. मग त्यांच्या चिठ्ठीवर एक हसरा चेहरा काढून दिला आणि ते पुन्हा शहाण्यासारखं वागायला लागले. एका हसऱ्या चेहऱ्यावर अमेरिकेतला माणूस विजेची बचत करतो, हे वाचून आपल्या शाल-श्रीफळाची लाज वाटायचं कारण उरत नाही.

महावितरणच्या बिलावर गेल्या बारा महिन्यांच्या वापराचे उभे दांडे छापलेले असतात. ते कुणी बघत नाही. स्वतःशी स्पर्धा करण्यात मराठी माणसाला रस नाही. त्या जागी शेजारच्या घराचं बिल छापलं तर कुर्डुवाडीत दारोदार रात्री दिवे मालवलेले दिसतील. अर्थात खासगीपणाचा प्रश्न येईल, पण तो प्रश्न बिल वाटणाऱ्या पोरानं कधीच सोडवून ठेवलाय. कुणाचं किती आलं ते तो गल्लीत शिरतानाच सांगतो.

संकटानं माणूस शिकतो असंही एक मत आहे. त्यासाठी 2016 चा उन्हाळा आठवावा. लातूर कोरडं पडलं आणि एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली, 'जलदूत'. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद, लातूर. म्हणजे पाण्याची गाडी कुर्डुवाडी जंक्शनमधूनच गेली. देशभराचे कॅमेरे आले, अग्रलेख झाले, आता तरी डोळे उघडतील असं सगळे म्हणाले. डोळे उघडले, आभाळाकडं बघायला. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. 2016-17 च्या हंगामात राज्यात साखर झाली बेचाळीस लाख टन. त्याच्या पुढच्या हंगामात, एकशेसात लाख टन. आपली आठवण एका पावसाळ्याहून लांब टिकत नाही, याचा यापेक्षा गोड पुरावा कुठं मिळणार?

टंचाईनं काटकसर येते हेही खरं नाही. सोलापूर शहरात वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी येतं. जिल्ह्यातल्या गावांचंही फार वेगळं नाही. अशा घरातली पाणी यायची सकाळ बघावी. पिंप, हंडे, कळशा, बादल्या, कुकरची भांडी, इतकंच काय ताकाचा गंज, सगळं आदल्या वेळच्या पाण्यानं निम्मं भरलेलं. नळाला सू-सू आवाज आला की आरोळी, 'आलं, आलं!' आणि पहिलं काम काय होतं? ते साठवलेलं पाणी अंगणात ओतून द्यायचं. कारण ते शिळं झालं. आता ताजं आलंय. त्याच उजनीचं, त्याच टाकीतलं, त्याच नळातनं आलेलं. चार दिवस जपून, झाकून, पोरांना हात लावू न देता ठेवलेलं पाणी एका मिनिटात रस्त्यावर. आणि सासूबाई सुनेला म्हणतात, 'घास ते पिंप नीट, पाण्याला किंमत हाय.'

टंचाईत माणूस काटकसर नाही, सुटका शोधतो. बार्शी लाइट रेल्वे बांधणाऱ्या इंग्रज इंजिनिअरचं नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. या माणसाची दुसरी ओळख कुर्डुवाडीत फारशी कुणाला नाही. रूळ टाकून झाल्यावर त्यानं पॅराशूट तयार केलं, 'गार्डियन एंजल' नावाचं. पहिल्या महायुद्धात वैमानिक जळत्या विमानांतून खाली पडून मरत होते आणि कॅलथ्रॉप आपली छत्री घेऊन वरिष्ठांचे उंबरे झिजवत होता. त्यांनी ती लढाऊ वैमानिकांना दिली नाही. एक कारण असं सांगतात, की सुटकेची सोय हाताशी असली तर माणूस विमान वाचवायचा प्रयत्नच करणार नाही, आधी उडी मारेल. तर्क क्रूर होता. पण कुर्डुवाडीच्या परिसरात फिरलं की वाटतं, माणसाबद्दलचा अंदाज अगदीच चुकीचा नसावा. विहीर आटली की बोअर. बोअर आटला की आणखी दोनशे फूट. तोही गेला की शेततळं, आणि त्यात भरायला पुन्हा बोअरचंच पाणी, वरून उन्हात वाफ व्हायला मोकळं. गरम झालं की कूलर, कूलर पुरेना की एसी. एसीची गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीत, म्हणून मग शेजाऱ्यालाही एसी. प्रत्येकाकडं आपापलं पॅराशूट आहे. विमानाचं कोण बघतंय?

आणि तरीही एक बदल असा आलाय की त्यासाठी कुणाला शपथ द्यावी लागली नाही. एलईडी बल्ब. सरकारी खरेदीत 2014 च्या सुरुवातीला तीनशे दहा रुपयांचा असलेला बल्ब दोन वर्षांत अडतीस रुपयांवर आला आणि उजाला योजनेत देशभर छत्तीस कोटींवर वाटला गेला. पिवळे गुलूप कधी गेले ते कुणाला कळलंही नाही. कार्बन वाचवायला म्हणून एकानंही तो लावला नसेल. स्वस्त मिळाला, पांढरा पडतो, समोरच्यानं लावला.

शेतावरची वीज हा याच जातीचा मामला. कृषिपंपाला वीज पाळीनं; काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी म्हणजे दोन वाजता उठून, बॅटरी तोंडात धरून, उसाच्या सरीत बारं द्यायला जायचं. पायाखाली साप असतो, अलीकडं उसात बिबट्याही असतो असं म्हणतात आणि खात्री करून घ्यायला कुणी थांबत नाही. 2024 मध्ये राज्यानं 'मागेल त्याला सौर कृषिपंप' आणलं. शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यानं पाच. पंप जमिनीप्रमाणं तीन, पाच किंवा साडेसात अश्वशक्तीचा. जी सौरऊर्जा जगभर ध्रुवीय अस्वलाच्या नावानं विकली जाते ती माढा तालुक्यात झोपेच्या नावानं खपली. बायकोनं सांगितलं म्हणून अर्ज भरणारे कितीतरी असतील. नवरा रात्री घरात असावा, एवढीच त्यामागची हवामान नीती. त्याच वर्षी सरकारनं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजबिलही माफ केलं, म्हणजे एका हातानं वीज वाचवायचं यंत्र दिलं आणि दुसऱ्यानं वीज वाचवायचं कारण काढून घेतलं. पण झोप फुकट विजेपेक्षा मोठी ठरते, हे त्या पंपांच्या निळ्या पाट्या बघून कळतं.

रस्त्याकडेच्या एका रानात अशाच पाट्या दिमाखात सूर्याकडं तोंड करून उभ्या असतात. मालक त्या फडक्यानं पुसत असतो. सावलीतून चाललेला पाहुणा कौतुकानं विचारतो, 'मग आता कसं वाटतंय?'

'एक नंबर. रात्रीचं मरण गेलं बगा. सकाळी आठला चालू होतंय, दिस मावळंपतूर पाणी.'

'बिल?'

'बिलाचा काय संबंध? ऊन काय सरकारचं हाय?'

'वा! मग पाणी दिवसभर चालतं तर त्याचं काय करता?'

'आवो, म्हणून तर ह्या साली दोन एकर ऊस वाढवला.'

बांधापलीकडं उभा असलेला शेजारी मघापासून ऐकत असतो. तो तंबाखू थुंकतो, पाट्या मोजतो आणि म्हणतो, 'फारम कुठं भरायचा रं त्यो?'